बाविसाव्या आठवड्यात हरिहरेश्वर

प्रश्न : मी पुण्यात राहते. माझे वय 31 आहे आणि जानेवारीच्या अखेरीस मला बाविसावा आठवडा सुरू असेल. त्या वेळी यजमान, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी यांच्याबरोबर दिवेआगर आणि हरिहरेश्वर येथे तीन दिवस जाण्याचे ठरले आहे. गरोदरपणात समुद्राचा वारा बाधतो, असे सासूबाईंना वाटते. मात्र हरिहरेश्वरची प्रदक्षिणा सर्वांनी मिळून करावी, अशीही त्यांची फार इच्छा आहे. यजमानांच्या मते काळजीचे काहीच कारण नाही. मी जावे का?

उत्तर : समुद्राच्या वाऱ्याने तुम्हाला किंवा बाळाला अपाय होत नाही, हे सासूबाईंना निश्चिंतपणे सांगा. प्रवासासाठी चौदाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यांमधला काळ सर्वांत सोयीचा असतो, कारण उलट्या बहुधा थांबलेल्या असतात आणि पोटाचा भार अजून फार झालेला नसतो. तरीही निघण्यापूर्वी बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी करून घ्या. वार (प्लासेंटा) खाली असेल, मधूनमधून रक्तस्राव होत असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याखेरीज निघू नका.

मला खरी चिंता समुद्राची नसून रस्त्याची वाटते. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळामार्गे दिवेआगरला पोचेपर्यंत साधारण एकशे साठ ते सत्तर किलोमीटर होतात आणि वळणांमुळे सहज पाच तास लागतात. गरोदरपणात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच-दहा मिनिटे चालायलाच हवे. गाडी थांबवा, असे म्हणताना आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो, असा संकोच अनेक जणी बाळगतात आणि लघवीसुद्धा तासन्‌तास रोखून धरतात. कृपा करून असे करू नका, कारण त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होऊ शकतो. किती वेळा थांबायचे हे तुम्हीच ठरवायचे आहे आणि यजमानांनी ते निघण्यापूर्वीच मान्य करावे. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखाली, कमरेच्या हाडांवर बसवावा आणि वरचा पट्टा छातीच्या मधून पोटाच्या कडेने न्यावा.

किनाऱ्यावर सकाळी आणि उन्हे कलल्यावर जावे. जानेवारीतही कोकणातली दुपार तापते, आणि गरोदरपणी चेहऱ्यावर वांग येत असतील तर ते उन्हाने अधिक गडद होतात. शहाळे, कोकम सरबत आणि उकळलेले किंवा बाटलीबंद पाणी थोडे थोडे घेत राहावे. गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात उभे राहण्यास हरकत नाही, परंतु तेथे मुलीचा हात यजमानांनी धरावा. लाट पाहून तिने अचानक ओढले, तर या दिवसांत तुमचा तोल सावरणे कठीण जाईल. बनाना राइड, जेट स्की आणि पॅरासेलिंग पूर्णपणे टाळावे.

घरगुती खानावळीतले बांगडा, मांदेली, पापलेट गरम आणि नीट शिजलेले असतील तर आनंदाने खावेत. मोरी (शार्क मासा) मात्र खाऊ नये, कारण तिच्यात पारा अधिक असतो. सुरमईही या दिवसांत टाळलेलीच बरी. तिसऱ्यांची जी शिंपली शिजल्यावर उघडलेली नसेल, ती बाजूला काढावी.

तपासणीची फाइल, रक्तगटाची नोंद आणि नेहमीच्या गोळ्या सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवाव्यात. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, राहून राहून पोट घट्ट होऊन दुखणे, तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर पुण्याला परतेपर्यंत थांबू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट जवळचे सरकारी उपजिल्हा रुग्णालय गाठावे.

आता प्रदक्षिणेविषयी. देवळामागच्या कड्यामधून पायऱ्या खाली उतरतात आणि पुढची वाट लाटांनी कोरलेल्या, शेवाळलेल्या खडकांवरून जाते. ओहोटीतही ती ओली असते आणि भरती चढू लागली की पाणी थेट त्या खडकांवर येते. तेथे माणसे वाहून जाण्याच्या दुर्घटना घडल्या आहेत. बाविसाव्या आठवड्यात सांधे सैलावलेले असतात आणि शरीराचा तोल बदललेला असतो, त्यामुळे तुम्ही तेथे उतरू नये, हे मी ठामपणे सांगते. सासूबाईंनी यजमानांबरोबर जावे, तेही ओहोटीलाच. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, असा कोकणातला ढोबळ हिशेब आहे. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमारास. तरी त्या दिवशीची नेमकी वेळ देवळाजवळच्या स्थानिकांना विचारूनच निघावे. ती दोघे परत येईपर्यंत तुम्ही मुलीला घेऊन देवळात सावलीला बसा. तिला कडेवर घेऊन उभे राहण्यापेक्षा बसून मांडीवर घेतलेले तुमच्या कमरेला सोसेल.