नवा कोच, पेटलेला वाद: फुटबॉलप्रेमी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): आमच्या कॉलेजने फुटबॉल संघाच्या जुन्या सरांना बाजूला सारून गोव्याहून कोच आणला. माजी खेळाडूंत दोन तट पडलेत. कुणी म्हणतं डिग्री बघा, कुणी म्हणतं बाहेरच्याला इथली मुलं काय कळणार? काय तपासायचं?

उत्तर: माणूस मडगावचा आहे की कोनवाळ गल्लीतला, यावरून काहीच ठरत नाही. आधी कोचिंगचा परवाना बघा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवान्यांत डी, सी, बी, ए आणि प्रो अशी चढती पायरी आहे. कॉलेज संघाच्या मुख्य कोचकडे निदान सी हवा, असं आमचं स्पष्ट मत. कोर्सला बसल्याचं प्रमाणपत्र आणि परीक्षा उतरून मिळालेला परवाना यांत पुष्कळ फरक आहे; मुदतही वाचा. ‘एनआयएस कोच’ (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत शिकलेला) म्हणून सांगत असतील तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स की वर्षाचा डिप्लोमा, हे विचारा. दोन्हीवाले तेच नाव लावतात.

मग आधीच्या संघातल्या दोन-तीन खेळाडूंना फोन करा. किती सामने जिंकले ते विचारू नका. दुखापत झालेल्या पोराला परत कधी उतरवलं, ते विचारा. आणि जुन्या सरांना ठेवणार असाल तर त्यांचं काम लेखी ठरवा. कुणाचा गुडघा जुना दुखरा आहे, कोण संध्याकाळी दुकानात बसतो, हे त्यांनाच ठाऊक असतं. ती माहिती हवीच, पण संघनिवड एकाच्याच हाती हवी. मैदानावर दोघे हुकूम सोडू लागले की मुलं सोयीचा तेवढा ऐकतात.

प्रश्न (खानापूर): सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात नवे कोच भर उन्हात धावायला लावतात. मुलं उलट्या करतात. समर्थक म्हणतात, घाम गाळल्याशिवाय संघ उभा राहत नाही.

उत्तर: हे ताबडतोब थांबवा. अमेरिकेत ‘कॉलेज फुटबॉल’ म्हणतात तो खेळ वेगळा, पण धडा तोच. २०१८ मध्ये मेरीलंड विद्यापीठाच्या संघातला १९ वर्षांचा मुलगा सरावात उष्माघात होऊन पुढे दगावला. त्याला वेळेत गार पाण्यात बुडवलं गेलं नव्हतं. मुख्य कोच डी. जे. डर्किन यांना विद्यापीठाने आधी कामावर परत घेतलं आणि संतापाची लाट उसळताच दुसऱ्या दिवशी काढलं. कोचला ठेवायचं की नाही यावर भांडण झालं, ते मुलगा गेल्यावर.

तिथल्या व्यायाम-प्रशिक्षकांच्या संघटनांनी २०१९ मध्ये दिलेला नियम आपल्याकडेही चालतो. पूर्ण तयारीत जेवढं धावणं अपेक्षित, त्यातून पहिल्या आठवड्यात ५० टक्के कापायचे, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २०, चौथ्यात १०. पूर्ण तयारीत १,००० मीटर असतील तर पहिल्या आठवड्यात ५००, दुसऱ्यात ७००. कोच बदलला की जुने खेळाडूही नवेच धरायचे, कारण सरावाची पद्धत बदललेली असते.

एकदम भार टाकला की स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातला घटक मूत्रपिंडावर चढतो. स्नायू टणक सुजले, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर घरी झोपवू नका, थेट इस्पितळ गाठा. उन्हात पोरगा झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला तर अंग घामाने ओलं असलं तरी उष्माघातच समजा. गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवा, डोकं धरून ठेवा, पाणी ढवळत राहा. त्याच वेळी ॲम्ब्युलन्स बोलवा, पण आधी गार करणं, मग हलवणं. मार्च ते मे मैदानाकडेला मोठा टब आणि बर्फाच्या लाद्या नसतील तर सराव सकाळी सहालाच उरका.

प्रश्न (निपाणी): कोच गोलकिक (चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर आपल्या गोलसमोरून मारायची किक) लांब मारू देत नाहीत, बॅकला म्हणजे बचावपटूला जवळ पास द्यायला सांगतात. आमच्या खडबडीत मैदानावर त्यातूनच गोल खाल्ले. हट्ट चुकीचा ना?

उत्तर: पद्धत चुकीची नाही, मैदान ओळखलेलं नाही. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीबाहेर) जाण्याआधीच आपला खेळाडू घेऊ शकतो, म्हणून दोन सेंटर बॅक (मधले बचावपटू) आत, गोलरक्षकाच्या दोन बाजूंना उभे राहतात. प्रतिस्पर्धी मात्र किक लागेपर्यंत बाहेर. जांभ्याच्या कडक मातीवर पहिला टच उसळतो आणि तेवढ्यात समोरचा फॉरवर्ड (आघाडीचा खेळाडू) अंगावर येतो. गोल तिथेच जातो.

आधी चेंडूची हवा मोजा. नियमात ०.६ ते १.१ अॅटमॉस्फिअर, म्हणजे साधारण साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय (पंपावर दिसणारं दाबाचं माप) चालते. कडक मैदानावर नऊ-दहा ठेवली तर उसळी कमी होते. पंप मारून अंगठ्याने दाबून बघणं सोडा, दाब मोजायचा गेज घ्या. पास बॅकच्या लांबच्या पायावर, जमिनीलगत द्या. घेताना त्याचं अंग मैदानाकडे अर्धं वळलेलं हवं. दोन फॉरवर्ड क्षेत्राच्या रेषेवर येऊन उभे असतील तर सरळ लांब मारायचं, हे आधीच ठरवून ठेवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे चिखलात चेंडू थबकतो. त्या चार महिन्यांत लांब किकच बरी, आणि कोच ऐकत नसतील तर त्यांना पावसात एक सराव घ्यायला लावा.

प्रश्न (बेळगाव): कोचना मराठी-कन्नड दोन्ही येत नाही. हिंदी चालेल का?

उत्तर: चालेल. मैदानावर लागतात ते दहा-बारा शब्दच: ‘मॅन’ (अंगावर कुणी येतोय), ‘टर्न’ (वळ), ‘टाइम’ (वेळ आहे), ‘अवे’ (लांब मार) असे. पहिल्याच दिवशी ते ठरवून घ्या आणि सगळ्यांनी तेच वापरा. पण एखाद्याला संघातून वगळताना कारण त्याच्या भाषेत कळायला हवं. तिथे सहायक सरांना शेजारी बसवा.