मिथेनॉल: वास येत नाही म्हणजे वाफ नाही?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये २०० लिटरच्या ड्रममधून रिअ‍ॅक्टरला मिथेनॉल (विषारी, चटकन पेटणारं अल्कोहोल) चढवावं लागतं. हातात नायट्राइल रबरचे पातळ मोजे, तोंडाला कार्ट्रिजचा मास्क. तरी शिफ्ट संपेपर्यंत डोकं ठणकतं. सुपरवायझर म्हणतात, वास येत नाही म्हणजे वाफ नाही. खरं का? – एक ऑपरेटर

उत्तर : खरं नाही. कायद्यानुसार मिथेनॉलची आठ तासांची सरासरी मर्यादा २०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग वाफ) आहे. हवेत एवढी वाफ झाली तरी पुष्कळांच्या नाकाला पत्ता लागत नाही, आणि ज्यांना लागतो त्यांचं नाक थोड्या वेळात सरावतं. तुमची डोकेदुखी नाकापेक्षा जास्त सांगतेय. हवेची मोजणी मागा, पण ती ड्रम उघडून माल चढवताना, तुमच्या कॉलरला लावलेल्या सॅम्पलरनं झाली पाहिजे. शेडच्या मध्यावर घेतलेल्या आकड्यावरून तुमच्या श्वासात काय जातंय ते कळत नाही.

कार्ट्रिजमधला कोळसा मिथेनॉल फार थोडा वेळ धरून ठेवतो, मग वाफ सरळ आत येते. उघडं काम टळतच नसेल तर बाहेरून हवा पुरवणारा एअरलाइन मास्क लागतो. त्याहून बरं म्हणजे ड्रमच्या बुचात घट्ट बसणारा, तळापर्यंत जाणारा डिप पाइप आणि ड्रमच्या तोंडाशीच एक्झॉस्ट. पातळ नायट्राइलमधून मिथेनॉल काही मिनिटांत आरपार जातं आणि कातडीतून रक्तात उतरतं. मोजे ब्यूटाइल रबरचेच मागा. कपडे भिजले तर लगेच उतरवा आणि अंग १५ मिनिटं पाण्यानं धुवा.

आगीचं म्हणाल तर रिकाम्या ड्रमची धास्ती भरलेल्या ड्रमपेक्षा जास्त हवी. मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते) साधारण ११-१२ अंश, म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यात थंडीतही ते पेट घेण्याजोगंच असतं. हवेत ६ ते ३६ टक्के वाफ असली की मिश्रण पेटतं. २५ अंशांना बंद ड्रममधली वाफ १६-१७ टक्क्यांच्या आसपास भरते, बरोबर या पट्ट्याच्या मधोमध. पेट्रोलच्या ड्रममध्ये वाफ इतकी दाट होते की आतलं मिश्रण सहसा पेटत नाही. मिथेनॉलच्या ड्रमला ती सवलत नाही. म्हणून अशा ड्रमवर कटर किंवा वेल्डिंग कधीच नको. माल ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून अर्थिंग हवं. त्याचा क्लॅम्प रंगावर लावून उपयोग नाही, पत्रा खरवडून उघड्या धातूवर लावा, आणि ड्रम व रिअ‍ॅक्टर तारेनं एकमेकांना जोडा. ड्रममध्ये कॉम्प्रेसरची हवा दाबून माल चढवू नका.

दिवसा मिथेनॉलची ज्योत जवळजवळ दिसत नाही. हवा थरथरताना दिसली किंवा अंगाला धग लागली तर आग आहे असंच धरा. साधा फोम मिथेनॉलमध्ये मोडतो, अल्कोहोलवर चालणारा फोम ठेवा. थोडं पाणी ओतून भागत नाही. चार भागांत एक भाग मिथेनॉल उरलं तरी मिश्रण पेटू शकतं.

प्रश्न : नळीनं तोंडानं ओढताना माझ्या सहकाऱ्याच्या पोटात घोटभर मिथेनॉल गेलं. तासाभरानं त्याला बरं वाटतंय. घरी पाठवावं का? – एक वाचक, महापे

उत्तर : मुळीच नाही, आत्ताच रुग्णालयात न्या. शरीरात मिथेनॉलचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं. तेच डोळ्यांच्या नसा जाळतं, आणि त्याला वेळ लागतो. धूसर दिसणं, ओकाऱ्या, धाप हे सारं बहुधा १२ ते २४ तासांनी सुरू होतं. तोवर माणूस ठणठणीत वाटतो. सुमारे १० मिली पोटात गेल्यानंही दृष्टी गेल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभरहून जास्त माणसं गेली.

ओकारी काढू नका. उतारा म्हणून दारूही पाजू नका. इथेनॉल (दारूतलं अल्कोहोल) किंवा फोमेपिझोल हे औषध रक्त तपासत डॉक्टरच देतात. डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय निवडा. डॉक्टरांना ‘केमिकल’ एवढंच न सांगता ‘मिथेनॉल’ हे नाव, अंदाजे किती आणि किती वाजता गेलं ते सांगा, सेफ्टी डेटा शीट (रसायनाचं माहितीपत्रक) सोबत द्या. रक्तातल्या आम्लाची तपासणी पहिल्यांदा ठीक आली तरी ती काही तासांनी पुन्हा करावी लागते, तेव्हा त्याला घाईनं घरी आणू नका.