१६० जीबीची डिस्क आणि विंडोज ९८: एफडिस्कचा आकडा सोडा, १२८ची हद्द सांभाळा

तुमचा प्रश्न असा: विंडोज ९८ सेकंड एडिशन, १६० जीबीची आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क, बायोसमध्ये (मशीन सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) क्षमता पूर्ण दिसते, पण एफडिस्क (डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम) २१,५५५ एमबीच दाखवतं. चार सारखी पार्टिशन (भाग) पाडली तर सगळी जागा वापरता येईल का?

नाही. एफडिस्कचं कोडं मात्र सोपं आहे. मूळ एफडिस्क दर ६४ जीबीला पुन्हा शून्यापासून मोजतं. तुमचे १६० जीबी म्हणजे विंडोजच्या हिशेबात १,५२,६२७ एमबी. त्यातून ६५,५३६ (म्हणजे ६४ जीबी) दोनदा वजा करा, उरतात २१,५५५. मायक्रोसॉफ्टनं नंतर दिलेलं सुधारित एफडिस्क घेतलं की हे संपतं.

खरा धोका दिसत नाही. विंडोज ९८ सुरू झालं की डिस्कचा कारभार बायोसकडून ईएसडीआय_५०६.पीडीआर या ड्रायव्हरकडे जातो आणि त्याला सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा) पत्ता २८ बिटांतच कळतो. म्हणजे २६,८४,३५,४५६ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट: डिस्क कंपन्यांच्या हिशेबात १३७ जीबी, विंडोजच्या हिशेबात १२८. त्यापुढे लिहायला गेलं की वरचे बिट गळतात आणि मजकूर डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडतो. तिथे एमबीआर (बूट होताना लागणारा पहिला सेक्टर) आणि सी ड्राइव्हचं फॅट (कोणती फाइल कुठे आहे याची नोंद) असतं. एरर येत नाही. एक दिवस मशीन बूटच होत नाही. डॉसमध्ये तपासलं तर सगळं ठीक वाटतं, कारण तिथे काम बायोस करत असतो.

मर्यादा पार्टिशनच्या आकाराला नाही, डिस्कवरच्या ठिकाणाला आहे. चार सारखे भाग केलेत तर चौथ्याचा निम्म्याहून जास्त भाग हद्दीपलीकडे जाईल. (तो पलीकडचा भाग नेमका २१,५५५ एमबी, कारण ६४ची दुप्पट १२८.)

तेव्हा सुधारित एफडिस्कनं ६०,००० एमबीचं प्रायमरी (मुख्य, बूट होणारं) पार्टिशन करा आणि तेवढंच एक्स्टेंडेड (पुढच्या ड्राइव्हसाठीचं). एक्स्टेंडेड करताना एफडिस्क उरलेली सगळी जागा सुचवतं. तिथे नुसतं एंटर दाबू नका, ६०,००० टाइप करा. उरलेली जागा तशीच राहू द्या. माझ्या मते याहून खात्रीचा उपाय म्हणजे डिस्क कंपनीच्या युटिलिटीनं डिस्कची क्षमताच १३७ जीबीच्या आत बांधून टाकणं. मग चुकून पलीकडे जायची सोयच राहत नाही. यासाठी डिस्कवरचा क्षमता कमी करणारा जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) मात्र वापरू नका. तो जुन्या बायोससाठी असतो आणि बहुधा डिस्क ३२ जीबीवर आणून ठेवतो.

पूर्ण १६० हवेच असतील तर विंडोज ९८साठी स्वतःचा ड्रायव्हर असलेलं पीसीआय आयडीई कार्ड लावा. विंडोजला ते स्कझी (डिस्क जोडण्याची वेगळी पद्धत) वाटतं, त्यामुळे वरचा ड्रायव्हर मध्ये येत नाही.

हद्दीपलीकडे आधीच काही लिहिलं गेलं असेल तर स्कॅनडिस्क चालवू नका. दुरुस्तीच्या नावाखाली ते आणखी लिहील. लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून (इन्स्टॉल न करता सीडीवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून) बूट करून जे वाचता येतंय ते आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, मगच पार्टिशनला हात लावा.