नव्या विश्वासणाऱ्यास: आधी काय सोडावे

बाप्तिस्मा घेतल्यावर सर्वस्व वाटून टाकण्याची जी ओढ तुम्हांला लागली आहे, ती मला मोलाची वाटते; तरीही घाई करू नका, असे मी कळकळीने सांगेन. बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातील श्रीमंत माणसाला येशूने सर्व काही विकण्यास सांगितले, परंतु लूकच्या 19व्या अध्यायातील जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेल्याची चौपट परतफेड देऊ केली, तेव्हा त्याच्या घराला तारण प्राप्त झाल्याचे प्रभूने सांगितले. म्हणून अन्यायाने घेतलेले काही असेल तर ते आधी परत करा. दानाचा विचार त्यानंतर, आणि तोही घरच्यांशी बोलून. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि मिशनची पगारी नोकरी त्यांनी 1917 मध्ये सोडली, हे अंतर मला फार बोलके वाटते.

चिंतेचे ओझे मात्र आजच उतरवता येते. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या 5व्या अध्यायात सर्व चिंता देवावर टाकण्यास सांगितले आहे. तेव्हा प्रार्थनेत मोघम न बोलता कर्जाचा हप्ता, मुलाचे आजारपण, भावाशी धरलेला अबोला, असे एकेकाचे नाव घेऊन सांगा, आणि तीच चिंता उद्या पुन्हा मनात आली तर उद्याही तशीच त्याच्या हाती सोपवा.