मॅडमच्या कायम नोकरीसाठी ३५ लाख द्यावेत का?

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

तुमचं पत्र आणि सोबतचा तक्ता दोनदा वाचला. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हे दोघं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात आणि दोघंही वरिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतात. सर ४४ वर्षांचे, अनुदानित कॉलेजात कायम, हातात महिना १ लाख १२ हजार. मॅडम ४१ वर्षांच्या, सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण, शेजारच्या कॉलेजात ११ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरते पैसे. वर्षाकाठी जेमतेम २ लाख ६० हजार. मुलगी नववीत. आता मॅडमच्या कॉलेजात गणिताची एक कायम जागा भरायची आहे आणि संस्थेने ३५ लाख मागितले आहेत. त्यातले ११ लाख मॅडमना माहेरच्या जमिनीच्या वाटणीतून मिळालेले, १४ लाख फ्लॅटवर वाढीव कर्ज, १० लाख शिक्षकांच्या पतसंस्थेतून.

देऊ नका.

ही लाच आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. फक्त घेणाराच अडकतो, असा समज मात्र अजून अनेकांच्या डोक्यात आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकच मानले जातात, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाइलाजाने द्यावी लागली आणि ७ दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं, तर सूट आहे. लाचलुचपत विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

आता तक्ता. पगारातली वाढ महिना ७० हजार धरून ५० महिन्यांत ३५ लाख वसूल, असं तुम्ही मांडलंय. त्यात व्याजाचा रकानाच नाही. १४ लाख ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी आणि १० लाख ११ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतले, तर दोन्ही मिळून व्याजच १६ लाखांच्या जवळ जातं. पण त्याहून मोठी चूक वेगळी आहे. जागा मिळण्याची शक्यता तुम्ही १, म्हणजे शंभर टक्के, धरलीत. शासनाची ना-हरकत, बिंदूनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची याची यादी), निवड समिती, विद्यापीठाची मान्यता, सहसंचालक कार्यालयाची वेतन मंजुरी, असे पाच टप्पे आहेत. प्रत्येकाला ९० टक्के दिले तरी गुणाकार ५९ टक्क्यांवर येतो. आणि संस्थेच्या हातात यांतलं सगळं नाही.

अपेक्षित मूल्य, म्हणजे शक्यता धरून काढलेला सरासरी फायदा, तरीही शून्याच्या वर येतो, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण तो आकडा हा डाव शंभर वेळा खेळणाऱ्याच्या कामाचा. तुम्ही एकदाच खेळणार, तेही राहतं घर लावून. जुगारी कसा बुडतो हे संभाव्यतेच्या तासाला तुम्ही शिकवता. अनुकूल डावातसुद्धा तो बुडू शकतो, कारण पहिल्याच फटक्याला त्याच्याजवळचं संपू शकतं.

माझ्या टेबलासमोर एक प्राध्यापिका बसल्या होत्या. फाइलमध्ये नेमणुकीचा आदेश होता, हजेरीपत्रकाच्या झेरॉक्स होत्या. दिलेल्या पैशाची पावती अर्थातच नव्हती. जागा बिंदूनामावलीत अडकली, मान्यता आली नाही, आणि त्या तीन वर्षं बिनपगारी शिकवत राहिल्या, कारण सोडलं तर दिलेले पैसे गेलेच. तासिकेचं कामही हातचं गेलेलं. कुणाकडे मागायचं?

तसं झालं तर तुमचं घर कसं चालेल ते बघा. घराचा आत्ताचा हप्ता २२ हजार, नव्या कर्जांचे ३१ हजार ३००. एकूण ५३ हजार ३००, म्हणजे सरांच्या पगारातला जवळजवळ निम्मा. आणि पतसंस्थेचं कर्ज फिटायच्या आतच मुलीची बारावी आणि पुढचा प्रवेश.

आणखी एक. तुम्ही दोन पगार दोन स्वतंत्र घटना मानता. तुमच्याच पत्रात आहे की सरांच्या तृतीय वर्षाला यंदा गणिताला नऊ मुलं आहेत. गणिताचा कार्यभार, म्हणजे शिकवायचे तास, घटला तर शेजारच्या कॉलेजातही घटेल. ज्या वाऱ्याने एक दिवा विझेल, त्याच वाऱ्याने दुसराही.

मॅडम, आता तुमच्याशी. तुम्ही मानधनाच्या तारखांची यादी पाठवलीत. जूनपासून शिकवलेल्या तासांचे पैसे मार्चमध्ये, एकरकमी. अकरा वर्षं हे सोसून एका सहीने संपवावंसं वाटणं मला कळतं. त्या जागेसाठी अर्ज जरूर करा, मुलाखत द्या, गुण आणि अनुभव मांडा. फक्त पाकीट नको. अभियांत्रिकी आणि पदविका कॉलेजांतही गणिताची गरज असते, तिथेही विचारा. अकरावी-बारावीच्या शिकवण्या घ्यायच्या तर तुमच्या तासिकेच्या आदेशातली अट आधी वाचा. सरांनी मात्र त्यात पडू नये.

तुम्हाला भविष्यनिर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही, हे खरं भगदाड आहे. ते बुजवता येतं. घरखर्च सरांच्या पगारातून चालवा आणि तुमची कमाई तुमच्या नावे गुंतवा. सरांच्या पैशातून तुमच्या नावे गुंतवलं, तर त्यावरचं उत्पन्न कराच्या हिशोबात सरांच्याच माथी येतं. मानधन आलं की लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, हवे तेव्हा पैसे काढता येणारा म्युच्युअल फंड) ठेवा, तिथून महिना १५ हजार इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे गुंतवणारा फंड) जाऊ द्या. १९ वर्षांत सरासरी ८ टक्के मिळाले तर सुमारे ८० लाख होतात, १० टक्के मिळाले तर १ कोटीच्या आसपास. हमी नाही, पण दर महिन्याचा हिशोब तुमच्या हातात राहतो.

माहेरच्या ११ लाखांतले साडेतीन लाख अडीअडचणीसाठी बँकेत ठेवा. दीड लाख यंदा तुमच्या पीपीएफमध्ये. उरलेले ६ लाख मुलीच्या शिक्षणासाठी मुदत ठेवीत. चार वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात नको. आणि सरांचा किमान दीड कोटीचा टर्म विमा याच महिन्यात काढा, कारण आज हे घर त्यांच्या एका पगारावर उभं आहे.

पतसंस्थेत अर्ज दिला असल्याचं तुम्ही लिहिलंय. तो सोमवारी मागे घ्या, आणि जामीन राहायला तयार झालेल्या त्या दोन सहकाऱ्यांनाही तसं सांगा.