पुण्यातून आकाशगंगेचा फोटो काढायचा आहे. प्रकाश प्रदूषणासाठी कोणता फिल्टर घ्यावा?

कोणताही घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की वाकडला बाराव्या मजल्यावर राहता, कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची लेन्स आहे आणि जाहिरातीतला एक 'सिटी लाइट' फिल्टर नऊ हजारांना मिळतोय. ते नऊ हजार राहू द्या खिशात.

असले फिल्टर निघाले तेव्हा रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते. त्यांचा बराचसा उजेड ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे पिवळ्या रंगाच्या, आसपास एकवटलेला असायचा. तेवढा पट्टा कापला की बाकीचं आकाश बऱ्यापैकी हाती लागायचं. आता जिकडेतिकडे पांढरे एलईडी. त्यांचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत सलग पसरलेला, त्यात ४५० नॅनोमीटरपाशी निळ्याचा उंचवटा, आणि हवेत विखुरण्यात हा निळाच पुढे. आकाशगंगा म्हणजे शेवटी ताऱ्यांचा उजेड, तोही सलगच. या दोघांतून एक गाळून दुसरा ठेवणारी काच अजून कुणी बनवलेली नाही. फिल्टर लावलात की दिवे आणि तारे दोन्ही मंद होणार, फोटोवर विचित्र रंग चढणार, आणि तुम्ही व्हाइट बॅलन्सशी झटापट करत बसणार.

उत्तर इथे संपवता आलं असतं. पण उजेडाचं काय करायचं यावरून माझं नि माझ्या चुलत भावाचं काही वर्षं जुंपलेलं आहे, त्यामुळे थोडं सहन करा.

माझं माहेर भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या पाण्यापलीकडे. दक्षिणेला रायरेश्वराचं पठार. उत्तर-ईशान्येला पुण्याचा आणि पूर्वेला शिरवळच्या कारखान्यांचा उजेड क्षितिजावर दिसतो, पण दक्षिण बाजू अजून काळी आहे आणि आपल्याला हवी तीच बाजू. आकाशगंगेचं केंद्र धनू राशीत. आपल्या अक्षांशावरून ते दक्षिणेला ४२ अंशांपर्यंत चढतं. लंडनमध्ये ते दहा अंशही वर येत नाही. म्हणजे इंग्रजी व्हिडिओ बघून आपण ज्यांच्याकडून हे शिकतो, त्यातल्या कित्येकांपेक्षा आपली जागा चांगली आहे. फक्त ऐन हंगामात पाऊस येतो, त्याला इलाज नाही.

आमच्या अंगणातून पूर्वी नुसत्या डोळ्यांना वृश्चिकाच्या नांगीपासचे धुळीचे काळे पट्टे दिसायचे. मग देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि मुंबईच्या एका देणगीदाराने देवळापुढे खांब उभारून वर चार फ्लडलाइट लावून दिले. चारही आडवे, पांढरेफटक, एक थेट आमच्या ओसरीत. खांबावर देणगीदाराच्या नावाची पाटी आहे आणि ती मात्र अंधारात आहे, कारण उजेड खाली पडतच नाही.

दादा, म्हणजे तोच चुलत भाऊ, गावच्या कमिटीत. त्याला म्हटलं, दिव्यांची तोंडं खाली कर, वर पत्र्याची टोपी बसव, खर्च मी देते. तो म्हणाला, "तू चार दिवस माहेरी येणार, फोटो काढणार नि जाणार. पुण्यात रात्रभर झगमगाट चालतो तुम्हाला, आणि आम्ही मात्र अंधारात बसायचं? इथे साप निघतात."

पहिल्या भागाला माझ्याकडे खरंच उत्तर नाही. ज्यांनी कंदिलावर अभ्यास केला त्यांना शहरातून आलेल्या बहिणीने अंधाराचं कौतुक सांगू नये, हे मला कळतं. पण सापाचं काय? साप जमिनीवर असतो, आभाळात नाही! उजेड जमिनीवर पाडा एवढंच तर मी सांगत होते. शिवाय डोळ्यांवर येणाऱ्या झोतामुळे त्याच्या पलीकडचं काहीच दिसत नाही. उद्या बिबट्या कुंपणापाशी येऊन बसला तरी ओसरीतून कळायचं नाही. दादा यावर म्हणाला, "बघू." गावाकडे "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेलच.

मग एका मे महिन्यात अमावास्येच्या आसपास मी गावी होते. संध्याकाळी वळीव आला, चांगला तासभर बदडून गेला, आणि पाण्यापलीकडच्या गावांसकट सगळ्या खोऱ्याची लाईट गेली. अकरापर्यंत ढग पांगले. पावसाने धूळ खाली बसलेली. अंगणात गेले तर आभाळाकडे बघून मला काही सुचेना. ट्रायपॉड लावला, २४ ची लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२००, तेरा सेकंदांची एकेक फ्रेम, आणि एकामागून एक फोटो आपोआप काढत राहणारा इंटर्व्हलोमीटर सुरू करून दिला.

शेजारच्या अंगणात दादा बनियनवर उभा राहून वायरमनला फोन लावत होता. डीपीवर फ्यूज गेलाय का बघ, फेज आलीय का बघ, मंडळी उकाड्यात बसलीयेत. त्याचा फोन लागू नये म्हणून मी मनातल्या मनात ग्रामदैवताला साकडं घालत होते, ज्याच्या देवळापुढे तो खांब आहे त्याच देवाला. देवाने पाऊण तास माझं ऐकलं. मग वायरमन पावला आणि चारही दिवे एकदम लागले. त्यानंतरच्या सगळ्या फ्रेम राखाडी, खाली अंगणातली तुळस मात्र लख्ख. कॅमेरा तोच, सेटिंग तेच, आभाळही तेच. फरक चार दिव्यांचा.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फ्रेम लॅपटॉपवर शेजारी शेजारी ठेवून दादाला दाखवल्या. त्याने चहा पीत पाहिल्या आणि म्हणाला, "ही डावीकडची कॉम्प्युटरवर केलीस." मी म्हटलं, अरे, तू तिथेच उभा होतास! "मी फोनवर होतो."

तर तुमच्या प्रश्नाकडे. वाकडहून आकाशगंगेचा पट्टा येणार नाही, हे मान्य करून टाका. जॉन बॉर्टलने २००१ मध्ये आकाशाच्या अंधाराची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली, तिच्यात पहिली पायरी सगळ्यात काळी, नववी सगळ्यात उजळ, आणि तुम्ही आठव्या-नवव्या पायरीवर आहात. उजेडाने भरलेल्या आकाशात तेवढाच स्वच्छ फोटो हवा असेल तर आकाश जितक्या पट उजळ तितक्या पट जास्त वेळ शटर उघडं ठेवावं लागतं. प्रत हे तेजस्वीपणा मोजायचं माप, आणि तीन प्रतींचा फरक म्हणजे साधारण सोळा पट. बाहेर तासाभरात होणारं काम गॅलरीत सोळा तासांचं. पेट्रोल स्वस्त पडतं.

गॅलरीतून काय करता येईल? बरंच. हिवाळ्यात मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ, कृत्तिका, चंद्र, एप्रिल-मे मध्ये दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ, जो युरोपातल्या बहुतेकांना दिसतच नाही. ५० ची एफ १.८ लेन्स घ्या, वापरलेली मिळाली तरी चालेल. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर नसेल तर शटर पाच-सहा सेकंदांच्या पुढे नेऊ नका, पण फ्रेम शंभर-दोनशे काढा, रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या प्रोग्रॅममध्ये त्या एकावर एक रचा, दोन्ही फुकट आहेत. फ्रेम चौपट केल्या की गोंगाट, म्हणजे फोटोतले नको असलेले दाणे, निम्म्यावर येतो. उरलेला शहरी उजेडाचा चढउतार ग्रॅक्सपर्टने काढा. तोही फुकट.

ट्रॅकर घ्यायचाच असेल तर एक लक्षात ठेवा. तो ध्रुवताऱ्याकडे रोखून लावावा लागतो, आणि ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर. इमारत, झाड, धुरकं, काहीही आड येतं. आमच्या गावातून तर तो पुण्याच्या उजेडाच्या बाजूलाच आहे.

आकाशगंगेसाठी फेब्रुवारीअखेरीस पहाटे, एप्रिलमध्ये रात्री एकनंतर, मे मध्ये अकरा-साडेअकराला आग्नेयेकडे बघा. ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर संध्याकाळी नैर्ऋत्येला तासदोन तास मिळतात, पण तेव्हा दव लेन्सवर बसतं. ते पुसत बसू नका, पॉवर बँकवर चालणारा हीटरचा पट्टा मिळतो, तो गुंडाळा.

आणि "एका खांबाने काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी: २०११ ते २०२२ या काळात हौशी निरीक्षकांनी दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ज्या नोंदी केल्या, बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या, त्यांवरून आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेल्याचं निघालं. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. हे एकेका खांबानेच होतं. उलटही करता येतं. आपल्याच महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी आजूबाजूच्या गावांतले दिवे खाली तोंड असलेले बसवले. अंधार केला नाही, दिवे बदलले. ही बातमी मी दादाला व्हॉट्सअॅपवर पाठवली. उत्तर आलं, "तिथे वाघांची सोय बघतात. इथे माणसं राहतात." वर नमस्काराचा इमोजी.

आता दोन-तीन गोष्टी, आधीच लिहायला हव्या होत्या त्या. सगळेच फिल्टर भंगार असं माझं म्हणणं नाही. ६५६ नॅनोमीटरची हायड्रोजनची आणि ५०० ची ऑक्सिजनची रेषा तेवढी सोडणारे ड्युअल नॅरोबँड फिल्टर शहरातही चांगले चालतात, पण ते तेजोमेघांसाठी, आणि त्यांना ट्रॅकर लागतो. दुसरं, अंधाराच्या शोधात एकट्याने घाटात जाऊन थांबू नका. काही किल्ल्यांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई आहे, आधी चौकशी करा. मी बाई म्हणून सांगते, ओळखीच्या घराचं अंगण किंवा ग्रुप, तिसरा पर्याय नको. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, तिथे माणसं भेटतील.

आणि सोसायटीच्या गच्चीवर तुमच्याही तसलाच आडवा फ्लडलाइट असणार. पुढच्या मीटिंगमध्ये टोपीचा विषय काढा. पत्र्याची टोपी कुठलाही फॅब्रिकेटर करून देतो, फिल्टरच्या पैशांत चार तरी व्हाव्यात. सेक्रेटरी सुरक्षेचा मुद्दा काढतीलच, तेव्हा चोरही जमिनीवरूनच येतो हे सांगा. जमलं तर मला कळवा, दादाला पाठवायचं आहे.