निर्णय मोजायचाय की लँडिंग?

भावा, पायलटचा निर्णय कसा मोजायचा या तुझ्या प्रोजेक्टची आखणी वाचली. शिकाऊ पायलट सिम्युलेटरवर पुण्याहून निघणार, कोल्हापूर जवळ येताच ढग खाली उतरणार, आणि जो तिथल्या उजळाईवाडी विमानतळाच्या धावपट्टीवर नीट टेकेल त्याला जास्त मार्क. यात हाताची सफाई मोजली जाईल, निर्णय नाही. वेळेत बेळगावच्या पर्यायी विमानतळाकडे वळलेला तुझ्या तक्त्यात मागे पडेल आणि ढगात घुसून नशिबानं धावपट्टी दिसलेला पहिला येईल. तालमीत वस्ताद कुस्ती मारलेल्या पोरालाही झापतात ना, डाव चुकीच्या वेळी टाकला म्हणून? तसं बघ.

मुख्य माप वेळेचं. हवा बिघडल्याचा पहिला इशारा कितव्या सेकंदाला दिलास ते पक्कं ठेव. मग पायलटच्या ध्यानात कधी आलं, काय करायचं ते कधी ठरलं आणि विमान कधी वळलं, हे वेगवेगळं नोंदव. सिम्युलेटरचा लॉग फक्त शेवटचं सांगतो. बाकीच्यासाठी मुलांना मोठ्यानं बोलत उडवायला लाव आणि आवाज रेकॉर्ड कर. १५ जानेवारी २००९ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलेल्या विमानाच्या चौकशीत हाच मुद्दा आला होता. पक्षी धडकताच तत्काळ वळल्यावर सिम्युलेटरमधले काही पायलट लाग्वार्डिया विमानतळाला पोहोचले. परिस्थिती ओळखून ठरवायला लागणारे ३५ सेकंद धरून वळले तेव्हा नाही पोहोचले.

दुसरं, परिस्थितीचं भान या विषयाच्या संशोधक मिका एंड्सली यांची ते भान मोजायची 'सॅगॅट' पद्धत वापर. मध्येच सिम्युलेटर थांबवायचा, पडदे काळे करायचे आणि विचारायचं: इंधन किती उरलंय? ते बेळगावला पुरेल का? दहा मिनिटांनी तू कुठं असशील? पहिलं उत्तर बहुतेक जण देतात, खरा फरक तिसऱ्यात कळतो. थांबे ठरावीक जागी नकोत, नाहीतर पोरं त्याचीच तयारी करून बसतात.

नजर टिपणारं यंत्र परवडत नसेल तर सोडून दे. काट्यावर नजर गेली म्हणजे आकडा डोक्यात शिरला असं नसतं.

मार्क कशाला किती, हे उड्डाणाआधी लिहून ठेव. दोन प्रशिक्षकांना एकच रेकॉर्डिंग वेगवेगळं तपासायला दे. बऱ्याच ठिकाणी मार्क जुळले नाहीत, तर आधी तुझा तक्ताच दुरुस्त कर.

आणि तुझ्या आखणीत अजिबात नसलेली गोष्ट: काही उड्डाणांत ढग दिसावेत पण विरावेत, म्हणजे पुढं जाणंच बरोबर ठरेल. नाहीतर ढगाचा ठिपका दिसताच बेळगाव गाठणाऱ्याला तू पैकीच्या पैकी देऊन बसशील.